शंभर गळ्यांतली पाटी

मी पाटी बोलतेय. कुत्र्यांच्या गळ्यात घालायची पाटी. फोटोपुरती मला गळ्यात अडकवतात आणि फोटो झाला की पुन्हा खिळ्याला टांगतात. माझ्या काळ्या अंगावर पांढऱ्या रंगात ‘मला घर मिळालं’ असं लिहिलंय. खाली एक चौकोन मोकळा आहे, त्यात खडूने आकडा घालतात. तुम्ही माझा फोटो कधीतरी पाहिला असेल, ‘किती गोड’ असं लिहूनही टाकलं असेल. आज जरा ऐकूनही घ्या.

माझा जन्म एका मोडक्या कपाटाच्या पाठीतून झाला. एका गॅरेजच्या मागे दोन खोल्यांत काही जणांनी मिळून जखमी, टाकून दिलेल्या कुत्र्यांसाठी निवारा काढला होता. पगार कुणालाच नव्हता. मलमपट्टी करायला एक निवृत्त कंपाउंडर काका येत. त्यांनी फळी कापली, मानेला टोचू नये म्हणून कडा पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केल्या. अक्षरं मोठ्या ताईंनी काढली. निवाऱ्यासाठी पुढाकार त्यांनीच घेतला होता. अक्षरं काढताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. पुढचं ऐकताना तेवढं लक्षात ठेवा. ही माणसं दुष्ट असती, तर मला तोंड उघडायची वेळच आली नसती.

पहिल्यांदा मी एका तीन पायांच्या कुत्रीच्या गळ्यात पडले. चौकोनात एक आकडा आला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रविवारी आलेल्यांनी ‘ती कशी आहे?’ असं विचारलं. त्याच्या पुढच्या रविवारी कुणी विचारलं नाही. महिन्याभरात दारातून आत येणारा प्रत्येक जण आधी माझ्याकडे बघून ‘किती झाले?’ असं विचारू लागला.

फोटो काढायची एक पद्धत ठरून गेली होती. मोबाइलच्या वर बिस्किट धरायचं, म्हणजे कुत्रा मान उंच करतो. घाबरलेला कुत्रा धापा टाकतो, जीभ बाहेर येते, आणि माणसं म्हणतात, बघा, कसा हसतोय. मी तर छातीलाच टेकलेली असते. आतली धडधड मला लागते.

आता मुनीमचं सांगते. करड्या तोंडाचा म्हातारा कुत्रा, डोळ्यांभोवती पांढरी वर्तुळं, जणू चष्मा. औषधाच्या कपाटापुढे बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला असा बघायचा, की माणसाला वाटावं आपलं काहीतरी चुकलंय. म्हणून तो मुनीम. मी त्याच्या गळ्यात पडले तेव्हा आकडा होता एकतीस. तीन आठवड्यांत परत आला, फार भुंकतो म्हणून. मग अठ्ठावन्न. परत आला, घरात बाळ झालं म्हणून. मग सत्त्याहत्तर. त्या वेळी तो परत आला तेव्हा एक कान अर्धाच उरला होता. कारण कुणी सांगितलं नाही. तिन्ही वेळा आकडा होता तिथेच राहिला. जाणारा मोजायचा, येणारा मोजायचा नाही, अशीच तिथली रीत होती.

त्या सुमारास कॉलेजात शिकणारी एक मुलगी निवाऱ्यात येऊ लागली होती. तिने पहिल्याच महिन्यात विचारलं, मुनीम एक आहे, मग तीनदा कसा मोजला? ताई हसून म्हणाल्या, “आली बघा आपली प्रश्नपत्रिका.” तेच नाव पडलं. काकांनी तिला बाजूला घेऊन समजावलं की बाळा, परत आलेले मोजायला लागलो तर माणसं इथे यायचं सोडून रविवारी झोपा काढतील.

मुनीम मात्र मला ओळखून होता. कुणी मला खिळ्यावरून काढलं की तो सरपटत टेबलाखाली जायचा आणि तिथेच त्याची लघवी व्हायची.

वर्ष संपायला चार दिवस उरले होते. वर्षभरात शंभर कुत्र्यांना घर देणाऱ्या निवाऱ्याला एक मोठी संस्था बक्षीस म्हणून गाडी देणार होती. चौकोनात नव्याण्णव होता. आणि एक भंगारवाला आला. त्याला राखणीला कुत्रा हवा होता. जात, वय, काही चालेल, भुंकला म्हणजे झालं, असं म्हणाला. ताईंनी मुनीमला द्यायचं ठरवलं.

जागा बघायला प्रश्नपत्रिका गेली. तसा नियम होता. एक छापील कागद असायचा. पुढच्या बाजूला ‘भेट दिली : होय / नाही’ आणि सही, मागच्या बाजूला शेरा. तिने ‘होय’वर खूण केली, सही केली आणि मागे लिहिलं, ‘इथे कुत्रा देऊ नये.’ परत येऊन तिने सगळ्यांना सांगितलं की भर उन्हात एक लोखंडी खांब आहे, त्याला आखूड साखळी आहे, आणि आधीच्या कुत्र्याच्या गोल गोल फिरण्याने खांबाभोवती जमिनीत चर पडलाय.

ताईंनी तिला माझ्यापुढेच उभं केलं.

“गाडी आली की वर्षाला दोनशे जीव वेळेत आणता येतील. आणि तू एका म्हाताऱ्यासाठी अडून बसलीस?”

“तो म्हातारा त्या दोनशेंत धरायचा नाही का, ताई?”

“पंधरा दिवसांनी त्याला परत आण. मी स्वतः सांगते, आण. आधी हे बक्षिसाचं पार पडू दे.”

पंधरा दिवस. त्या दोन शब्दांवर ती विरघळली. तिच्याकडून ही एवढी एकच चूक झाली.

मुनीम टेबलाखालून निघेना. ताईंनी बोलावलं, काकांनी बिस्किट दाखवलं, एकाने शेपूट ओढून पाहिली. शेवटी तिने जमिनीवर मांडी घातली आणि हळूच त्याचं नाव घेतलं. तिच्यासाठी तो आला. तिनेच मला त्याच्या गळ्यात घातलं, तिनेच चौकोनात शंभर लिहिलं. शून्य काढताना खडू तुटला. फोटो मात्र छान आला. मुनीम हसतोय, असं सगळे म्हणाले.

गाडी आली. रिबीन लावून उभी राहिली. प्रश्नपत्रिका दिवस मोजत होती, पण पंधरावा दिवस येईतो तिला धीर धरवला नाही. बाराव्या दिवशी ती गेली. भंगारवाला परगावी गेला होता. साखळी खांबाला गुंडाळत गुंडाळत वीतभर उरली होती आणि पाण्याचं भांडं हातभर लांब राहिलं होतं. शेजारच्या दुकानदाराने तिला सांगितलं, परवा दुपारपर्यंत ओरडत होता, मग गप्प झाला.

हे तिने माझ्यापुढे उभं राहून सांगितलं आणि ताईंना म्हणाली, तो आकडा पुसा. ताईंचे डोळे पुन्हा भरून आले. खोटं सांगत नाही, खरंच भरून आले. मग त्या म्हणाल्या, “पण घर तर मिळालं होतं ना त्याला. बारा दिवस का होईना.”

पुढच्या रविवारी ती एक यादी घेऊन आली. दिलेल्या प्रत्येक घरी तिने फोन केला होता, जमेल तिथे स्वतः गेली होती. शंभर आकड्यांत खरी कुत्री एकाहत्तर निघाली. चौतीस घरांतून उत्तरच नाही. पंधरा मेलेली, हाकललेली किंवा पुढे कुणालातरी दिलेली. बावीस तिने डोळ्यांनी पाहिली, धडधाकट. आपलं यश बावीस आहे, ती म्हणाली, आणि बावीस काही कमी नाहीत, पण बावीसच लिहा.

कुणीतरी म्हणालं, एवढं नकारात्मक कशाला. काका चष्मा पुसत बसले. ताईंनी यादी दुमडली आणि तिला निवाऱ्याच्या चाव्या ठेवून जायला सांगितलं. ती चाव्या ठेवून गेली.

आकडा पुढे चालूच आहे. आज सकाळी भंगारवाल्याचा फोन आला. आधीचा टिकला नाही, दुसरा मिळेल का? नव्याने येऊ लागलेल्या एका माणसाने विचारलं, जागा पाहिली आहे का? ताईंनी फाइल उघडली. ‘भेट दिली : होय.’ खाली सही. “पाहिलीय की, आपल्याच मुलीने,” त्या म्हणाल्या आणि फाइल मिटली. कागद उलटून बघायचं कुणाच्या मनात आलं नाही.

मला हात असते तर मी तो कागद उलटला असता. तुम्हाला आहेत. म्हणून तुमच्यापुढे बोलतेय. माझा फोटो दिसला की टाळ्या वाजवू नका. हा कुत्रा आज कुठे आहे, एवढंच विचारा. उत्तर येईपर्यंत विचारत राहा, लोक कंटाळले तरी विचारा. आणि जमलं तर आजच विचारा, कारण भंगारवाल्याचा टेम्पो दाराशी उभा आहे.

ह्या क्षणी मी एका तपकिरी पोरीच्या गळ्यात आहे. जेमतेम वर्षाची असेल. चौकोनात एकशे सहा आहे आणि मोबाइलच्या वर बिस्किट धरलंय. ती शेपूट हलवतेय. तिला वाचता येत नाही.