तळं ॲनीचं, मोट जोसेफिनची

आगगाडी सुरू होऊन वीसेक वर्षं झाली असतील. ठाण्याबाहेरच्या एका पाड्यात अँब्रोज आणि लिओनार्ड या ख्रिस्ती भावांनी बापाची जमीन वाटून घेतली. थोरल्या अँब्रोजला भाजीची वाडी आणि बैलजोडी आली, धाकट्या लिओनार्डला वाडीलगतचं तळं.

अँब्रोजच्या बायकोला, जोसेफिनला, हे वाटप कधी पचलंच नाही. तिची जाऊ ॲनी तळ्यातली मरळ मासळी पाटीत घेऊन बाजाराला निघाली, की ती कुंपणाशी येऊन बघत राही. ॲनीचं नवं लुगडं, तिला गिऱ्हाइकांनी मारलेल्या हाका, सगळंच सलायचं. इकडे पाण्यावाचून वांगी माना टाकत होती. एकदा तिनं पाणी मागितलं, तर ॲनी म्हणाली, "मासे मरतील."

ईस्टरआधीचे उपास लागले, घरोघरी मटण बंद झालं आणि मासळीचा भाव चढला. एका सकाळी जोसेफिनला दिसलं, ॲनी आणि लिओनार्ड हंड्यांनी तळं उपसून पाणी ओढ्यात ओतत होते. ती तरातरा गेली.

"मला नाही म्हणालीस, आणि ओढ्याला देतेस?"

ॲनीच्या हातांना फोड आले होते. "पाणी उतरल्याशिवाय जास्त मरळ हाताला लागत नाही, वहिनी."

"मग माझ्या वाडीत का नाही ओतलंस?"

"एकदा दिलं तर तू तळं कोरडं करशील. पिल्लं मेली तर पुढच्या वर्षी काय धरू?"

जोसेफिनच्या तोंडाशी शिवी आली होती. पण पाणी ओढ्याच्या वाळूत जिरताना तिला बघवेना.

"पिल्लांना किती लागतं?"

"गुडघाभर."

"तेवढं ठेवू. आम्ही मोट लावतो. तुमचे हंडे सुटतील, पाणी माझ्या वांग्यांना."

ॲनीनं लिओनार्डकडे पाहिलं. "एकदम नाही उपसायचं. सगळी मासळी एकदम निघाली तर भाव पडतो."

"मला तरी एकदम कुठं हवंय? वांगी कुजतील."

"आणि मी थांब म्हटलं की मोट थांबवायची."

"थांबवू."

मोट लागली. वाडी हिरवी झाली, आणि दर बाजाराला ॲनीला पाटीभर मरळ मिळू लागली.

ईस्टरला ॲनीनं एक मोठी मरळ पाठवली. जोसेफिननं बदल्यात वांगी दिली. मरळ चिरताना मात्र तिच्या मनात येत राहिलं, घरी हिनं याहून मोठी ठेवली असणार. तरी दुसऱ्या दिवशी बैल जुंपायला अँब्रोजला तिनंच उठवलं.