मागच्या सीटवरची फ्राउक्ये

मित्रांनो, मी एक जुनी, दोन सीटांची सायकल आहे. हार्लिंगेन गावातल्या एका कारागिराने मला विबे आणि फ्राउक्ये यांच्या लग्नासाठी बनवलं. गडद हिरवा रंग दिला, मागच्या सीटखाली जास्तीची स्प्रिंग बसवली. पहिली चार वर्षं मी कालव्याकाठाने नुसती पळत होते. लोक थांबून म्हणायचे, "काय जोडी आहे!"

मग विबेला कालव्याच्या उचलपुलावर नोकरी लागली. बोट आली की पूल वर, गेली की खाली. त्याचं आयुष्य मिनिटांना बांधलं गेलं. फ्राउक्ये सुईण, तिला कधीही बोलावणं यायचं. मी बावीस वर्षं शेडमध्ये भिंतीला टांगलेली राहिले. टायर बसले, साखळी गंजली.

गेल्या मे महिन्यात विबेने मला खाली उतरवलं, साखळी साफ केली, नवे टायर चढवले. दोघांनी व्हलीलांड बेटावर तीन दिवस निवांत राहायचं ठरवलं होतं. मला किती आनंद व्हायला हवा होता! पण त्याच दुपारी फ्राउक्ये शेडमध्ये येऊन बहिणीशी फोनवर हळूच बोलली, "या तीन दिवसांत शेवटचा प्रयत्न करून बघते. नाहीच जमलं, तर परत आल्यावर घरी न जाता तुझ्याकडेच येईन. त्याला सांगितलेलं नाही."

तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मला ठाऊक, त्याला नाही. आणि घंटीपलीकडे मला वाचा कुठली?

बेटावर विबेने माझ्या हँडलला एक कागद चिकटवला. "नऊ चाळीसला वाळूच्या टेकड्या, साडेदहाला कॉफी, अकरा पाचला पक्षी..."

"पक्ष्यांना कळवलंस ना?" फ्राउक्येने विचारलं. तो हसला नाही.

दुसऱ्या दिवशी समोरून वारा सुटला. "जोर लाव गं! बाराच्या आत दीपगृह गाठायचंय!" विबे ओरडला. मागची पॅडलं एकदम हलकी झाली. फ्राउक्येने पाय काढून घेतले होते.

"थांब," ती म्हणाली आणि उतरली. "सव्वीस वर्षं मी फक्त तुझी पाठ बघतेय, विबे. आता बास." बहिणीकडे जायचं ठरवलंय, तेही तिने सांगून टाकलं.

विबेने मला गवतात आडवं केलं आणि तिथेच बसला. "मला वाटलं, सगळं नीट आखलं की तुला त्रास होणार नाही."

"खरं सांग."

तो गवताची काडी मोडत म्हणाला, "मोकळा वेळ मिळाला आणि आपल्याला बोलायला काहीच सुचलं नाही, तर? भीती वाटते गं."

फ्राउक्ये त्याच्याशेजारी बसली. "वेड्या, मलाही तीच वाटते."

मग खरंच कोणी काही बोललं नाही. त्यांनी चीज लावलेला पाव अर्धा अर्धा खाल्ला. माझ्या साखळीत वाळू भरत होती.

"ऊठ," ती म्हणाली. "पुढे मी बसते."

"डावीकडे घे! अगं, ब्रेक!"

"गप्प बस आणि पॅडल मार."

आम्ही थेट काटेरी झुडपात शिरलो. माझा रंग खरवडला. दीपगृह राहिलंच.

तिसऱ्या दिवशी आम्ही बोटीने हार्लिंगेनच्या बंदरावर उतरलो, तेव्हा माझी तार न् तार ताणली गेली होती. उजवीकडे स्टेशन, म्हणजे बहिणीची वाट. डावीकडे घर. हँडल फ्राउक्येच्या हातात होतं. ती क्षणभर थांबली. विबे मागून एक अक्षर बोलला नाही.

तिने मला डावीकडे वळवलं.

मित्रांनो, तुमच्या घरी अशी सायकल टांगलेली असेल, तर आईबाबांना ती खाली काढायला लावा. साखळीला तेल घाला. आणि ते दोघं निघाले, की पुढे बसणाऱ्याला एवढंच सांगा: मागच्याला रस्ता दिसतोय का, ते अधूनमधून विचारत जा.