दाट वीण

फडक्याची गाठ पक्की बसली की नाही ते जमुनाने दोनदा ओढून पाहिले आणि मग ती शेषरावच्या पाठीमागून पुढे आली. त्याच्या मागे उभे राहून बोलण्यात काही अर्थ नव्हता.

“श्वास घेता येते नं?” तिचे ओठ हलले. आवाज तिने काढलाच नाही.

“येते. कापड कोनाचं हाय?” शेषराव छाती फुगवून म्हणाला. “माह्या मागाचं! पानी ओतलं तरी पलीकडे जात नाही.”

“कौतिक पुरे झालं. भोंगा झाला तुमचा.”

भोंगा त्याला ऐकू येत नसे. तो तिच्या ओठांवर पाही. अकोल्याच्या गिरणीत मागावर उभे राहण्यात त्याची उमेदीची सारी वर्षे गेली होती आणि त्यांच्याबरोबर कानही गेले होते. त्याचे त्याला फारसे दुःख नव्हते. मागांच्या खडखडाटात धड कानाच्या माणसालाही काही ऐकू येत नाही. तिथे सगळेच ओठांनी बोलतात, आवाज न काढता, एकेक शब्द तोंडात नीट घडवून. डबा पोचवता पोचवता जमुनाही ते शिकली. घरीही दोघे तसेच बोलत. शेजारच्या केशरबाईला सुरुवातीला वाटायचे, या नवराबायकोचा अबोलाच आहे. अबोला कसला? दोघे अगदी हमरीतुमरीवर येऊन भांडत. फक्त भिंतीपलीकडे त्यातले काही जात नसे.

सत्तावन्न साली फ्लूची साथ आली आणि घरोघर माणसे तापाने फणफणली. मग दवंडी फिरली. घराबाहेर पडणाऱ्याने तोंडाला फडके बांधलेच पाहिजे, नाही तर शिपाई नाक्यावरून परत पाठवील. गिरणीला मांजरपाटाची मोठी मागणी आली आणि शेषरावचे माग तेच कापड विणू लागले. जमुनाने त्या कापडाची फडकी शिवून सगळ्या चाळीला वाटली, तीही चांगली दुहेरी. कामात कुचराई दोघांनाही ठाऊक नव्हती.

बघता बघता शेषरावचे सगळे गाव मुके झाले. भाजीवाली काय भाव सांगते, टांगेवाला कोणाला शिव्या देतो, मूर्तिजापूरहून कामाला येणारा जोडीदार काय बातमी आणतो, त्याला काही कळेना. गिरणीतही तीच गत. समोरच्याचे डोळे हसले की हा हसे, आणि कोणी बोलून थांबले की मान हलवी. मान हलवली की माणसे समाधानाने निघून जातात, हे त्याच्या लवकरच लक्षात आले. संध्याकाळी दार लावून जमुनाने तोंड मोकळे केले की त्याच्या जिवात जीव येई.

आणि नेमकी तीच तापाने पडली.

रोग्यांसाठी एक शाळा रिकामी करून तिथे खाटा टाकल्या होत्या. आत कोणाला सोडत नसत. एका रोग्यामागे एकाच माणसाने खिडकीशी उभे राहायचे, तेही थोडा वेळ. जमुनाची खाट खिडकीजवळ होती, एवढेच नशीब. तिच्या तोंडावर तिनेच शिवलेले फडके होते.

त्याला पाहताच तिचा हात फडक्याकडे गेला. नर्सने तो हलकेच धरून खाली ठेवला आणि डोक्यामागची गाठ पुन्हा आवळली. नर्सचेही काही चुकत नव्हते. पलीकडच्या खाटेवर एक बाळंतीण होती.

“बाई, जरासं सोडू द्या तिले,” शेषराव ओरडला. “मी तोंड पाहून आयकतो. मले कान नाहीत.”

नर्स काहीतरी बोलली. तिच्याही तोंडावर मांजरपाटच होता.

मग जमुना बोलू लागली. फडके आत ओढले जाई, पुन्हा फुगे. ती खूप बोलली. मध्ये थांबून तिने दम घेतला आणि पुन्हा बोलली. शेषराव खिडकीचे गज धरून त्या कापडाकडे पाहत राहिला. ओठ कुठे आहेत, तेसुद्धा दिसत नव्हते. त्याने विणलेच तसे होते. शेवटी ती थांबली आणि त्याच्याकडे बघत राहिली. तिने काहीतरी विचारले होते.

शेषरावने मान हलवली. होकाराची, चांगली ठासून.

तिचे डोळे निवले. मग तिने ते मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी त्या खाटेवर दुसरीच बाई होती.

सगळे आटोपल्यावर केशरबाई त्याच्यासाठी शाळेत जाऊन आली. नर्सला तिने खोदून खोदून विचारले. घरात येऊन तिने फडके सोडले आणि त्याच्या समोर बसली.

“नर्स म्हनते, इतक्या बाया होत्या, कोन काय बोल्ली ते ध्यानात कसं राहीन?” ती सावकाश, ओठ उघडून बोलली. “मनाले लावून घेऊ नका, भाऊ. देवाचं नाव घेतलं असन तिनं.”

“देवाचं नाव घेतलं तं मले इचारलं कायले?” शेषराव म्हणाला. “मी हो म्हनलं, केशरबाई. कायले हो म्हनलं मी?”

केशरबाईने पदर तोंडाला लावला. पदराआड ती काय म्हणाली, तेही त्याला कळले नाही.

त्या दिवसापासून त्याच्या जिवाची नुसती तगमग सुरू झाली. मोर्शीच्या माझ्या विधवा बहिणीला सांभाळा, म्हणाली असेल? की दोरीवरचे लुगडे केशरबाईला देऊन टाका, एवढेच? तिला शब्द दिला होता आणि तो पाळायची सोय उरली नव्हती. त्याने मान हलवणे सोडून दिले. कोणी बोलले की तो बघत राही. माणसे वाट पाहून कंटाळत आणि निघून जात.

कामावर मात्र तो जाई. मागाचे एक चाक बदलले की कापडाची वीण दाट किंवा विरळ होते. ते काम जॉबरचे, म्हणजे खात्याच्या मुकादमाचे. विणणाऱ्याने त्याला हात लावायचा नसतो, आणि शेषरावने जन्मात कधी लावला नव्हता. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्याने ते चाक स्वतःच बदलले. मग माग सुरू केला. कापड भराभर उतरू लागले, जाळीसारखे.

खात्याचा जॉबर गोवर्धन फेरीवर आला आणि जागच्या जागी थबकला. त्याने माग थांबवला. कापडाखाली हात घालून पाहिला, तर बोटे वरून मोजता येत होती. शेषरावच्या हातचे असले कापड त्याने आजवर पाहिले नव्हते. उकाड्याने आणि संतापाने त्याने आपले फडके हनुवटीखाली ओढले, विणलेला तुकडा कापून घेतला आणि दोन्ही हातांनी उजेडाकडे उंच धरला. शेषराव पलीकडच्या बाजूला उभा होता.

कापडाआड गोवर्धनचे ओठ हलले.

“हे काय विनून राहिला बे? मच्छरदानी? साहेबानं पाह्यलं तं तुले आजच काढतीन इथून. बायको गेली म्हून तुह्या घुमेपनाले मी आजवर बोल्लो नाही, शेषराव. पन आता माह्या हातात काई राह्यलं नाही.”

शेषरावची नजर हलली नाही. एकही शब्द सुटला नव्हता.

गोवर्धनने कापड खाली घेतले आणि समजले का, असे भुवयांनीच विचारले. शेषरावने मान हलवली नाही. त्याने पुढे होऊन त्या तुकड्याची दोन टोके धरली आणि तो पुन्हा गोवर्धनच्या तोंडापुढे उभा केला.

“आयकू आलं,” तो म्हणाला. “अजून एकडाव म्हन.”