पायांतून उतरणारी चरबी

सातपूरच्या एका मंगल कार्यालयात त्या रविवारी लग्न नव्हतं, तरी दारात चपलांचा ढीग पडला होता. आत वीस खुर्च्या, वीस पितळी घंगाळं, आणि पँट-साड्या गुडघ्यापर्यंत वर घेऊन त्यात पाय नाचवणारी वीस माणसं. मागे दीडशे जण आपली पाळी यायची वाट बघत उभे. घंगाळात हिरवट तपकिरी पाणी होतं. ओवा आणि कापराचा वास इतका उग्र, की डोळ्यांत पाणी यावं. पंधरा-वीस मिनिटं पाय चालवले की त्या पाण्यावर पिवळट कण दिसू लागत, कणांचे गोळे होत, आणि एक शिष्य तो गोळा अलगद उचलून ज्याच्या त्याच्या तळहातावर ठेवी, आणि बघून झाला की परत घेऊन जाई.

व्यासपीठावरून स्निग्धानंद महाराज सांगत, "बघून घ्या. हे दहा वर्षांचं तूप, ही साय, हे लग्नातलं जेवण. आज तुमच्या तळपायांतून बाहेर पडलं."

ही गोष्ट २००३ च्या एप्रिलची. माझी सातपूरलाच रक्त तपासण्याची छोटी लॅब होती, त्यामुळे चरबी रक्तात कशी सापडते हे मला रोज दिसायचं. पायांतून निघालेली मी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिली. मी तिथे गेलो होतो तो शेजारच्या समाधानसाठी.

समाधान एका कारखान्यात लेथ मशीनवर होता. वय चव्वेचाळीस, अंगाने भरलेला, आणि खाण्याच्या बाबतीत हळवा. सायीचा जाड थर असलेलं दूध समोर आलं की त्याचा आवाज बदलायचा. त्याची सासू बयाबाई सिन्नरजवळच्या खेड्यात राहायची. तिच्या दोन म्हशी होत्या, आणि दर महिन्याला ती जावयासाठी तुपाची बरणी पाठवायची. कारखान्याच्या तपासणीत समाधानचं कोलेस्ट्रॉल दोनशे अडुसष्ट निघालं. डॉक्टर प्रतिभा भामरे यांनी त्याला गोळी सुरू केली, साय, तूप, वडे आणि वनस्पती तुपातलं फरसाण कमी करायला सांगितलं, रोज चालायला सांगितलं. घरी येऊन तो बायकोला, छायाला, म्हणाला की डॉक्टरांनी त्याच्या जगण्यातलं सगळंच काढून घेतलं, फक्त श्वास ठेवला.

अशा माणसाला स्निग्धानंद महाराज भेटले, म्हणजे भुकेल्याला पंगतच भेटली. महाराजांचं म्हणणं असं, की कोलेस्ट्रॉल हा शब्द मुळात आपलाच, 'कलश-तैल'. कलश म्हणजे देह, तैल म्हणजे त्यातली चरबी. इंग्रजांनी शब्द नेला, उपाय मात्र इथेच राहिला. एकवीस वनस्पतींचा काढा, त्यात 'हिमतीर्थ', म्हणजे शिष्याने बादलीतून आणून टाकलेला बर्फ, आणि हजार वेळा पाय वरखाली. मग सहा महिने काहीही खा. एका बाईने भीत भीत विचारलं, की या गोळ्याला लोण्यासारखा वास येतो. महाराज हसले. "येणारच, माई. जन्मभर खाल्लंत काय?"

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. समाधानच्या हातावर लिंबाएवढा गोळा आला. शेजारी बसलेल्या, काडीसारख्या एका गृहस्थाचा गोळा त्याच्याहून मोठा निघाला, तेव्हा शिष्य क्षणभर गोंधळला. महाराजांनी लगेच सांगितलं की ती गुप्त चरबी. शेवटी सगळ्यांना द्रोणात गरम शिऱ्याचा प्रसाद मिळाला. तूप इतकं, की द्रोण पारदर्शक झाले.

समाधानने गोळ्या बंद केल्या आणि बासुंदी चालू केली. मी समजावलं, तर तो म्हणाला की डोळ्यांनी पाहिलेलं खोटं कसं म्हणू. तीन आठवड्यांनी छायाने हट्टाने त्याला माझ्या लॅबमध्ये आणला. कोलेस्ट्रॉल दोनशे एक्क्याण्णव. त्याने माझं मशीन बिघडलंय असं ठरवलं. पण त्याच आठवड्यात दोन जिने चढताना तो मधेच थांबला, छातीवर हात ठेवून पायरीवर बसला. छाया घाबरली. तो मात्र डॉक्टरांकडे जाईना. महाराजांनी निरोप पाठवला होता, की आत जुनी चरबी अडकली आहे, दुसरी बैठक लागेल.

छायाने आईला बोलावून घेतलं. बयाबाई सकाळच्या एसटीने आली, साठीची, सडपातळ, मनगटं मात्र लाकडासारखी. जावयाने तिला सगळी हकीकत सांगितली. फक्त बर्फ कशाला टाकतात, एवढं तिने दोनदा विचारलं. मग म्हणाली की आपणही येणार.

दुसऱ्या बैठकीला आम्ही चौघं गेलो. समाधान खुर्चीवर बसला. शिष्याने भरलेलं घंगाळ त्याच्यापुढे सरकवलं. त्याने पाय उचलले, तेवढ्यात बयाबाईने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"जावईबापू, पाय नका घालू. थांबा जरा."

ती खाली बसली, पदर खोचला, बांगड्या मागे सारल्या आणि कोपरापर्यंत हात घंगाळात घालून ढवळू लागली. शिष्य धावला. मी त्याच्या आणि तिच्या मधे उभा राहिलो. आजूबाजूची माणसं मान उंचावून बघू लागली. बयाबाई सवयीच्या लयीत हात फिरवत होती. मधेच तिने शिष्याच्या बादलीतला बर्फ स्वतःच ओंजळभर घेतला. दहा-पंधरा मिनिटांत कण आले, कणांचे गोळे झाले. तिने तो गोळा पिण्याच्या थंड पाण्यात दोनदा धुतला. हिरवा रंग उतरला आणि हातात पांढरं, मऊ लोणी राहिलं.

"आंबवलेली साय हाय ही, पाणी घालून पातळ केलेली," ती म्हणाली. "वास दाबाया कापूर नि ववा. उन्हाळ्यात लोणी धरत नाय, म्हून आमी बी गार पाणी घालतो. चाळीस वर्सं मी हेच करतेय, पर मला कुणी महाराज म्हनलं नाय."

महाराज डगमगले नाहीत. त्यांनी माईकवरून सांगितलं, की मातेच्या हातांतूनही चरबी उतरली, हा तर काढ्याचा दुप्पट प्रभाव. काही जणांनी टाळ्याही वाजवल्या. मी सरळ कार्यालयाच्या स्वयंपाकघरात गेलो आणि जिलबीवाल्यांचा लांब लाकडी डाव घेऊन आलो. कुणाचा पायच काय, बोटही न लागलेलं दुसरं घंगाळ ओढलं, मागच्या वेळचे ते काडीसारखे गृहस्थ पुन्हा आले होते, त्यांच्या हातात डाव दिला आणि ढवळायला सांगितलं. बिचारे घाम गाळून ढवळत राहिले. लोणी आलं.

"महाराज," मी विचारलं, "हा डाव सागवानी आहे. याला कलश-तैल कधीपासून?"

कुणीतरी फिसकन हसलं. मग हसू रांगेतून मागे मागे पसरत गेलं. ते पुरतं विरलंही नव्हतं, तोच बयाबाईने साधेपणाने विचारलं, की मागच्या वेळी निघालेले सगळे गोळे गेले कुठे. शिष्याने स्वयंपाकघराकडे पाहिलं. उघड्या दारातून सगळ्यांना दिसलं, तिथे चुलीवर कढई होती, कढईत लोणी कढत होतं, आणि शेजारी शिऱ्याचा रवा मोजून ठेवलेला होता.

दीडशे माणसांना एकाच वेळी मागचा प्रसाद आठवला. दोन बायका तोंडाला पदर लावून बाहेर पळाल्या. महाराजांनी वातावरण अपवित्र झाल्याचं जाहीर केलं आणि मागच्या दाराने निघून गेले. सातपूरला ते पुन्हा दिसले नाहीत. खोटं कशाला बोलू, चार जण मात्र बयाबाईवरच चिडले. त्यांची पाळी यायची होती.

समाधान खुर्चीत तसाच बसून होता, पँट गुडघ्यापर्यंत वर, पाय कोरडे. फसल्याची लाज त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. मग हळूच सासूला म्हणाला, "मामी, चला डॉक्टरांकडे."

तपासण्या झाल्या. हृदयाच्या एका रक्तवाहिनीत अडथळा सापडला. वेळेवर सापडला म्हणून उपचार झाले आणि दोन महिन्यांनी तो कामावर रुजू झाला. पण त्या दिवशी दवाखान्यात मला समाधानपेक्षाही बयाबाईकडेच बघवत नव्हतं. तिने डॉक्टरांना विचारलं, "म्हंजे बाई, माझं तूप इख व्हतं का? मी मायेनं पाठवत व्हते."

डॉक्टर प्रतिभांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. त्यांनी सांगितलं की दूध, दही, ताक, तूप यातलं काहीही विष नाही आणि काहीही अमृत नाही. दुधातून हाडांना लागणारं कॅल्शियम मिळतं, प्रथिनं मिळतात. पण साय-तुपातली चरबी प्रमाणाबाहेर गेली, वर तळण आणि वनस्पती तूप, आणि चालणं नाही, तर वर्षानुवर्षं रक्तवाहिन्यांच्या आत थर बसत जातो. एकट्या तुपाचा तो दोष नाही, घराण्यातूनही काही येतं. शेतात दिवसभर राबणारा आणि मशीनपुढे उभा राहणारा, दोघांचं ताट सारखं नसतं. जावयाला चमचाभर तूप चालेल, वाटीभर नाही. लोणी काढलेलं ताक मात्र खुशाल पाठवा. बयाबाईने डोळे पुसले आणि चमचा केवढा, तेही नीट विचारून घेतलं.

खाल्लेली चरबी आतड्यातून रक्तात जाते. तळपायाला तिच्यासाठी दार नाही. ती आवरायची तर ताट आवरावं लागतं, पाय रस्त्यावर चालवावे लागतात, आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी त्यांना विचारल्याशिवाय सोडायची नसते. यात चमत्कार नाही, म्हणून याला गर्दीही होत नाही. तरीही कुणी तुमच्या अंगातून काही काढून दाखवायला निघालाच, तर हात जोडण्याआधी एवढंच करा. स्वतः बाजूला उभे राहा, आणि तुमच्याशिवायही ते निघतं का, ते बघा.