कातळावरचे तारे

"कोंडाजीनं केलंन ह्ये सगळं," चंद्रभागा समीक्षाच्या मोबाईलकडे बघत म्हणाली, आणि कातळावर शेजारीच बसलेल्या बनुबाईने तिच्याकडे रागाने पाहिलं.

कोंडाजी बनुबाईचा नवरा. आंबेनळी घाटाखालच्या या वाडीत त्याने उमेदीची वर्षं आभाळ बघण्यात घालवली. रात्री तारा दिसेल तसा कातळावर खडा ठेवायचा आणि सकाळी छिन्नीने त्या जागी खळगा पाडायचा. वाडी त्याला येडा म्हणायची. तो जाऊन बरीच वर्षं झाली. आता महाडच्या कॉलेजातली समीक्षा त्या ताऱ्यांचा व्हिडिओ करायला आली होती. इथे त्याच्या नावाचा फलकही लागणार होता.

"तुम्ही तेव्हा काय करायच्या, आजी?" समीक्षाने चंद्रभागेला विचारलं.

"मी शेरडं राखायची. सकाळी खडं हलू नयेत म्हणून हितं राखणीला बसायची, कोंडाजी छिन्नी घेऊन येईपर्यंत. कोंडाजी बोलायचा, चंद्रे, तू हायस म्हणून तारं जाग्याव हायत."

चंद्रे म्हणायचा. बनुबाईला हे आज कळत होतं. चंद्रभागा वाडीचीच लेक, त्याच्याबरोबर वाढलेली, तरुणपणीच विधवा होऊन माहेरी परतलेली. ती त्याचं नाव खुशाल घेत होती. बनुबाईने ते लग्नातल्या उखाण्यापुरतं घेतलं, पुन्हा कधी नाही. बायकोने घ्यायचं नसतं.

"फलकावर चंद्रभागाआजींचंही नाव घालू," समीक्षा म्हणाली. "आता बनुआजी, तुम्ही बोला. आधी आजोबांचं नाव सांगा."

या वयात कसली आली लाज? मी काय कमी आहे हिच्यापेक्षा? बनुबाईने नाव घेतलंच. "कोंडाजीनं..."

चंद्रभागेच्या तोंडी ते नाव घरचं वाटत होतं. आपल्या तोंडून ते पलीकडच्या वाडीतल्या कुणाचंतरी वाटलं. चंद्रभागा गालात हसली.

"पूस त्ये," बनुबाई म्हणाली. "परत घे गो." तिने डोक्यावरचा पदर नीट केला. "आमचं ह्ये रातच्याला कातळावरनं घरी यायचं, तवा पाय गारठलेलं असायचं. मी चुलीत निखारं राखून ठेवायची. शेकत बसायची, ह्यांना झोप लागंपर्यंत."

चंद्रभागेचं हसू गेलं. ती खळग्यांकडे बघत राहिली. मग समीक्षाने खूप विचारलं, पण तिने कोंडाजीचं नाव पुन्हा घेतलं नाही.