उस्ताद महयूब गाडी शिकतात

खेचराच्या वळणावर उस्ताद महयूब चौथ्यांदा पडले, तेव्हा वरच्या खडकावर बसलेल्या हिजामने कपाळावर हात मारून घेतला.

"पुन्हा दरीकडे बघितलंत!" तो ओरडला. "काय ठेवलंय त्या दरीत, उस्ताद? सासरवाडी आहे का तुमची?"

उस्ताद धूळ झटकत उठले. वय त्रेपन्न, ढोपर फुटलेलं, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मोटरसायकल आडवी पडून मागचं चाक हवेत फिरवत होती. मागच्या सीटवर रिकामं ऑक्सिजन सिलिंडर लांबीला बांधलेलं होतं आणि त्याच्या दोन्ही अंगांना दगडांची पोती, भरलेल्या सिलिंडरचं वजन अंगवळणी पडावं म्हणून. गाडी उभी करायला त्यांना तीन झटके द्यावे लागले. हिजामला उठून मदत करता येत नव्हती. त्याचा उजवा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये होता.

सगळी रडकथा त्या पायापासून सुरू झाली होती. उस्तादांची बायको नजीबा हिची फुप्फुसं दोन वर्षांपूर्वीच्या आजारात निकामी झाली होती. नाकात नळी आणि नळीत मिनिटाला दोन लिटर ऑक्सिजन, तरच श्वास. ताइज शहरातलं त्यांचं घर लढाईच्या रेषेत सापडलं आणि दवाखान्यात खाट नव्हती, म्हणून ती दोघं सबिर डोंगरावर या वडिलोपार्जित वाडीत येऊन राहिली. एक सिलिंडर दोन दिवस पुरायचं. मोटारीचा रस्ता बंद झालेला, त्यामुळे वाडीतला हिजाम, उस्तादांचा जुना विद्यार्थी, दर दोन दिवसांनी लांबच्या वाटेने रिकामं सिलिंडर खाली न्यायचा आणि भरून आणायचा. परवा तो उतरताना पडला. गाडीचं फक्त हँडल वाकलं, याचं मात्र हाड मोडलं.

त्या दिवशी घरात एक नुकतं लावलेलं सिलिंडर होतं आणि एक भरलेलं. मिळून चार दिवस. गाढववाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, दोन दिवस जायला, दोन यायला, शिवाय खाली भरायच्या रांगेत किती ते अल्लाला ठाऊक. वाडीतले धडधाकट पुरुष एकतर आघाडीवर, नाहीतर सरहद्दीपलीकडे मजुरीला. राहिले म्हातारे, बायका आणि उस्ताद. उस्तादांनी सत्तावीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं. चारातून चार गेले की काय उरतं, हे त्यांना कुणी समजवायला नको होतं. आयुष्यात ते मोटरसायकलवर बसले होते ते दुसऱ्याच्या मागे, डोळे मिटून.

"पुन्हा," हिजाम म्हणाला. दुपार झालेली, त्याच्या गालात कात नावाच्या नशिल्या पाल्याचा तोबरा भरलेला. "पहिला गिअर. क्लच अर्धा. पुढच्या ब्रेकला वळणात हात लावायचा नाही. लावलात तर गाडी आडवी होते. पायाचा ब्रेक, तोही हलका. आणि मान? मान कुठे?"

"वळण संपतं तिकडे."

"मग ठेवा ना तिकडे! गाडी नजरेच्या मागे जाते, उस्ताद. तुम्ही दरी बघता, ती बिचारी दरीत जाते. तिची काय चूक?"

"वर्गात मी तुला इतका बोललो होतो का रे?"

"याहून जास्त. छडी वेगळी."

उस्तादांनी दात ओठ खाऊन किक मारली. मागे वजन असलं की चढावर पुढचं चाक हलकं होतं, म्हणून टाकीवर ओणवं व्हायचं, हे त्यांना कळलं होतं. पण कळलेलं हातापायांत उतरत नव्हतं. फळ्यावर ते कुठलंही प्रमेय डोळे मिटून सिद्ध करत, पण इथे डावा हात सोडायला जावं तर उजवा पिळला जाई, पाय दाबायला जावं तर मान खाली जाई. पाचव्या वेळी ते वळले. सहाव्या वेळी पडले. संध्याकाळपर्यंत त्यापुढच्या अकरापैकी आठ वेळा वळले, आणि हिजामने मोठ्या मनाने जाहीर केलं, "पास. काठावर."

काठावर पास झालेल्याचं पुढे काय होतं, हे त्या मास्तरला चांगलं माहीत होतं.

चौथ्या दिवशी पहाटे निघायचं ठरलं. आदल्या संध्याकाळी उस्ताद हिजामच्या अंगणात किश्र, म्हणजे कॉफीच्या टरफलांचा सुंठ घातलेला कढत काढा, पीत बसले.

"पेट्रोल जपून वापरीन," ते म्हणाले. "उतारावर इंजिन बंदच करतो. सगळे करतात."

खरंच सगळे करत. त्या डोंगरावर पेट्रोल म्हणजे फक्त चढायची वस्तू. उतरताना गाडी बंद करून ब्रेकवर सोडून द्यायची, अशी रीतच पडून गेली होती, आणि जो इंजिन चालू ठेवून उतरे त्याला लोक उधळ्या म्हणत.

हिजामने घराच्या दाराकडे बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "कुत्रं नव्हतं, उस्ताद."

"कुठलं कुत्रं?"

"आडवं आलं म्हणून सांगितलं ना मी सगळ्यांना, ते. काही आडवं आलं नाही. इंजिन बंद करून उतरत होतो. ब्रेक तापला आणि पाय नुसताच खाली गेला. चालू इंजिन आणि खालचा गिअर असता, तर गाडी आपली आपण धरून राहिली असती. मला सगळं येतं, म्हणून मी पडलो."

उस्तादांनी त्याच्याकडे चष्म्याच्या वरून पाहिलं. "शाळेत तुझी वही दर आठवड्याला विहिरीत पडायची."

"तेव्हाही ढकलायचो मीच," हिजाम म्हणाला. "इंजिन चालू ठेवा. पेट्रोलची एक बाटली माझ्याकडची घेऊन जा. आणि आईला सांगू नका, ती उरलेला पाय मोडेल."

पहाटे नजीबा भिंतीला टेकून बसली होती. रात्री ती आडवी होऊ शकत नसे. हिजामची आई, खाला जमीला, दिवसभर तिच्याजवळ बसणार होती. उस्तादांनी सिलिंडरवरचा काटा पाहिला, हिशेब केला. संध्याकाळी पाचपर्यंत पुरेल, फार तर सव्वापाच.

"मी चारला येतो," ते म्हणाले.

"पडू नका," नजीबा म्हणाली. एका श्वासात तिला दोनच शब्द जमत.

उतरणं निभावलं. इंजिन घुरघुरत गाडीला मागे ओढत होतं आणि उस्ताद जीव मुठीत धरून, मान वळवत, एकेक वळण पार करत होते. खाली मात्र नशीब फिरलं. ऑक्सिजन भरायच्या ठिकाणी वीज गेली होती. रांग रस्त्यापर्यंत आलेली. उस्तादांनी हातापाया पडून पाहिलं, पण रांगेतल्या प्रत्येकाच्या घरी कुणीतरी भिंतीला टेकून बसलेलं होतं. कुणाला मागे सारणार? सिलिंडर हातात आलं तेव्हा दोन वाजले होते. चढायला चार तास. म्हणजे सहा.

एक तास कमी पडत होता. हे गणित कुठूनही सोडवा, उत्तर तेच येत होतं.

म्हणून ते पळवायला लागले. सपाटीवर गाडी भरधाव गेली, पहिल्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये किंचाळत गेली. डोंगराची खरी वळणं सुरू झाली आणि दुसऱ्याच वळणावर त्यांनी घाबरून पुढचा ब्रेक दाबला. मागचं वजन हिसका देऊन बाहेर गेलं, चाक खडीवर घसरलं, आणि गाडी डोंगराच्या बाजूला कलंडली म्हणून बरं. दुसऱ्या बाजूला कलंडली असती तर सिलिंडर आणि मास्तर दोघंही खालच्या शेतात सापडले असते. चपलेसकट पायाची साल निघाली. सिलिंडर जागचं हललं नव्हतं.

उस्ताद तिथेच कड्याला टेकून उभे राहिले आणि मोठ्याने रडले. कुणी बघायला नव्हतं, असतं तरी त्यांना पर्वा नव्हती. जोरात गेलं तर सिलिंडर पोचत नाही. हळू गेलं तर नजीबा पोचत नाही. शिव्या तरी कुणाला द्यायच्या?

मग त्यांनी नाक पुसलं, पहिला गिअर टाकला, क्लच अर्धा धरला आणि टाकीवर ओणवे झाले.

त्यानंतर ते एकदाही घाई करू शकले नाहीत. प्रत्येक वळणाला मान वळवायची, जिथे जायचं तिथे बघायचं, हात मऊ, पाय हलका. गाडी मुंगीच्या पावलाने पण सरळ वर जात होती. इतकी सुरेख त्यांनी कधीच चालवली नव्हती, आणि त्या सुरेखपणाचा त्यांना मनापासून राग येत होता. प्रत्येक नीट घेतलेल्या वळणागणिक बायकोचे वीस-पंचवीस श्वास आपण खर्चून टाकतोय, असं त्यांना वाटत होतं. पाच वाजले. सव्वापाच वाजले. साडेपाचला त्यांनी घड्याळ काढून खिशात टाकलं. तरी हात तसेच मऊ ठेवले.

खेचराच्या वळणावर ते न पडता वळले. हिजाम खडकावर बसलेला होता. या वेळी तो ओरडला नाही, आणि उस्ताद न थांबता तसेच घराकडे गेले.

त्यांनी सिलिंडर पाठीवर कसं घेतलं, उंबरा कसा ओलांडला, त्यांना नंतर आठवलं नाही. नजीबा भिंतीला टेकलेली होती. ओठ जांभळे, नखं जांभळी, कपाळ घामाने निथळलेलं. डोळे उघडे. ते डोळे हलले.

उस्तादांनी पाना लावला आणि तेवढ्यात त्यांचं लक्ष जुन्या काट्याकडे गेलं. काटा शून्यावर नव्हता. अजून बरंच शिल्लक होतं.

त्यांनी ऑक्सिजनची चावी पाहिली. ती दोनाऐवजी एकवर होती.

"कुणी कमी केली ही?"

खाला जमीलाने तोंड फिरवलं आणि ओढणीत डोळे पुसले. "मी किती हात धरले तिचे. ऐकते का? तुमची गाडी वळणाआड गेली न गेली, हिनं चावी फिरवली."

"हिजाम म्हणाला," नजीबा म्हणाली. मग श्वास. "घाईत... पडता तुम्ही." मग पुन्हा श्वास. "म्हटलं... सावकाश... येऊ दे."

दिवसभर ती अर्ध्या हवेवर बसून होती. त्यांनी नवं सिलिंडर जोडलं, चावी दोनवर आणली आणि तिच्या नखांकडे बघत बसले. नखं हळूहळू माणसाच्या रंगाची झाली. मग नजीबाचा हात उठला आणि सवयीचं काम असल्यासारखा चावीकडे गेला.

"एकवर... असू दे. परवा... पुन्हा जायचंय."

त्यांनी तिचा हात धरला आणि चावीवरून दूर नेला. "दोनवर राहील," ते म्हणाले. "मी चारला येत जाईन."

तिने मान डोलावली, पण तिचा विश्वास बसला नव्हता, हे त्यांना दिसलं. आपण घराबाहेर पडलो की ही चावी फिरवणार. परवा फिरवणार, त्याच्या परवा फिरवणार.

उस्ताद बाहेर आले. सूर्य समोरच्या डोंगराला टेकला होता. कुबडीवर लंगडत आलेल्या हिजामने त्यांचा सोललेला पाय पाहिला आणि म्हणाला, "बसा आधी. धुवा तरी ते."

"पोती कुठे आहेत?"

"कसली पोती?"

"दगडांची. बांध मागे," उस्ताद म्हणाले आणि गाडीवर बसले. "अजून अर्धा तास उजेड आहे."