आईची गाणी आणि सरांचा नंबर

दिवाळी उलटली आणि आईला झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. अंग थोडंफार परत आलं, म्हणजे धरून उठवलं की खुर्चीत बसते, डाव्या हातानं घास घेते. वाचा मात्र आली नाही. काही सांगायचं झालं की तोंडातून नुसता 'बा, बा' एवढाच आवाज निघतो, आणि आपल्याला कळलं नाही की ती स्वतःच्याच मांडीवर हात आपटते. जन्मभर जिचं तोंड कुणी बंद करू शकलं नाही, त्या बाईचं हे असं व्हावं याचा मला राग येतो. कुणावर काढावा ते समजत नाही, म्हणून तो घरात बायकोवर निघतो आणि बँकेत गिऱ्हाइकांवर.

वाचा परत आणण्याचा व्यायाम शिकवायला एक डॉक्टरीणबाई आमच्या सांगलीच्या विश्रामबागेतल्या घरी येतात. दुसऱ्याच खेपेला त्यांनी विचारलं, "या गाणं म्हणायच्या का हो?"

अपेक्षा, म्हणजे माझी बायको, त्या स्थितीतही हसली. आई म्हणजे औंधाकडच्या तात्याबा शाहिराची लेक. आजोबांनी धर्मांतरानंतर गावोगाव जलसे केले. गाणी स्वतः रचायचे, पण अक्षराशी वैर, त्यामुळे कागदावर एकही नाही. ती सगळी आईच्या तोंडी होती. भाकरी थापताना, धुणं आपटताना, आमच्यावर चिडलेली असतानासुद्धा ती चालूच असायची.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बोलणं जातं तिथं गाणं कधी कधी शिल्लक राहतं. त्यांचीच गाणी, त्यांच्याच आवाजातली, रोज ऐकवा. त्यांच्याबरोबर म्हणा. गाण्याचा हात धरून शब्द बाहेर येतात, मी पाहिलंय. पण हे सुरुवातीचे महिने वाया घालवू नका."

माझ्या मोबाइलमध्ये पोराच्या वाढदिवसाचे, गच्चीवरच्या कुंड्यांचे आणि आमच्या मॅनेजरच्या निरोप समारंभाचे व्हिडिओ आहेत. आईचं गाणं एकही नाही. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते असं. लहानपणापासून कानावर पडतंय म्हणून मी ते कधी ऐकलंच नव्हतं. पाठ असणं तर दूरच. चाली येतात, शब्द येत नाहीत.

गावाकडं सुलामावशीला फोन लावला. ती आईची धाकटी बहीण, जलशात आईच्या मागं उभी राहायची.

"मला कुठलं येतंय बाबा," ती म्हणाली. "म्होरं तुझी आई, बाळीच म्हनायची. मी मागं झील धरायची, जी जी जी. शब्द समदं बाळीकडं. आता तिचंच त्वांड बंद झालं तर कुनाला इचारू?"

तरीही मी घाबरलो नव्हतो, कारण गाणी सुरक्षित आहेत हे मला माहीत होतं. ती विद्यापीठाकडं होती.

तीन वर्षांपूर्वी अंकिता नावाची एक मुलगी आमच्या घरी येऊ लागली. पीएच.डी. करत होती. जयराज सर म्हणून तिचे मार्गदर्शक, त्यांचा मोठा प्रकल्प होता: जलशातली गाणी संगणकाच्या मदतीनं अभ्यासायची. अंकिता आईपुढं रेकॉर्डर ठेवायची, आई गायची, आणि मग ती पोरगी ते सगळं संगणकावर उतरवून काढायची. कुठला शब्द किती वेळा आला, कुठल्या शब्दाशेजारी कुठला बसतो, त्याचे रंगीत तक्ते करायची. एकदा तिनं आईला ते दाखवले. आईनं चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "माझ्या बापाची गाणी पाखडून ठिवली की गं तू." पण पोरगी आवडली होती तिला. तिच्यासाठी शेंगदाण्याची पोळी करायची, जी माझ्या वाट्याला सणालाच येते.

अंकिताला फोन केला. ती संध्याकाळीच घरी आली. आईला त्या खुर्चीत बघून दारातच थबकली. मी गाणी मागितली तेव्हा तिचा चेहरा आणखी उतरला.

"दादा, सर गेले हे तुम्हाला माहीत आहे ना?"

माहीत होतं. उन्हाळ्यात जयराज सर बसल्या जागी गेले. पेपरात फोटो आला होता.

मग तिनं जे सांगितलं ते मला दोनदा विचारून घ्यावं लागलं. सगळी गाणी आणि त्यांचे उतरवलेले शब्द इंटरनेटवरच्या एका साठवणीत आहेत. साठवण सरांच्या नावावर. पासवर्ड अंकिताला ठाऊक आहे, पण पासवर्ड घातला की सरांच्या मोबाइलवर ओटीपी येतो. सर असताना शेजारच्याच खोलीतून ओरडून सांगायचे. सर गेल्यावर त्यांच्या मुलानं नंबर बंद केला. बँक, गॅस, वीजबिल, सगळं त्यानं आठवणीनं बदलून घेतलं होतं. संशोधन कुणाच्या ध्यानात येणार?

"आणि तुझ्याकडं प्रत नाही?"

"सरांचा नियम होता. आधीच्या एका विद्यार्थ्यानं दुसऱ्याची सामग्री उचलून स्वतःच्या नावावर छापली, तेव्हापासून सर म्हणायचे, एकच जागा, एकच कुलूप. रेकॉर्डरचं कार्ड पुढच्या गावासाठी पुसायचो. माझ्या लॅपटॉपवर फक्त शोधनिबंधासाठी काढलेले तक्ते आहेत."

विभागात विचारलं तर नवे प्रमुख म्हणाले, प्रकल्प संपला, खातं सरांचं खासगी. साठवणीच्या कंपनीला तिनं किती मेल लिहिले त्याला गणती नाही. प्रत्येकाला एकच उत्तर यायचं, की आपली विनंती आमच्यासाठी महत्त्वाची आहे. आणि आता नोटीस आली होती: बरेच दिवस कुणी खातं उघडलं नाही, महिनाअखेरीला त्यातलं सगळं पुसलं जाईल.

"पण एक आहे," अंकिता म्हणाली. "तो नंबर परत चालू झालाय. मोबाइल कंपनीनं दुसऱ्या कुणाला तरी दिलाय. मी एकदा लावून बघितला, रिंग गेली, मी घाबरून कट केला. तुम्ही बोलाल का? तुम्ही बँकेत आहात, तुम्हाला नीट समजावून सांगता येईल."

मला ते पटलं. लोकांना समजावण्यातच माझं आयुष्य चाललंय. तिनं लॅपटॉप उघडून पासवर्ड टाकण्याची तयारी केली, मी नंबर लावला. पलीकडून घोगरा, वयस्क आवाज आला. आणि माझ्या तोंडून इतक्या वर्षांच्या सवयीनं जे वाक्य निघतं तेच निघालं.

"नमस्कार, मी सांगलीहून बँकेतून बोलतोय."

"बोला की. तुमचीच वाट बघत हुतो."

"तुमच्या मोबाइलवर आत्ता एक सहा आकडी ओटीपी येईल. तेवढा मला..."

"माझ्या भाचीचं पैसं तुमीच खाल्लं व्हय रं? लाज वाटती का न्हाई? आईबापानं ह्याच्यासाठी शिकिवलं का तुला?" त्यापुढचं इथं लिहिण्यासारखं नाही. फोन बंद झाला. पुन्हा लावला, लागला नाही. अपेक्षाच्या फोनवरून लावला, माझा आवाज ऐकताच कट झाला.

अंकिता कपाळाला हात लावून बसली होती. "दादा, बँकेतून म्हणून का सांगितलंत?"

"मग काय सांगू? बँकेतच आहे मी."

ओटीपी कुणालाही सांगू नका ही पाटी मी स्वतः आमच्या काउंटरच्या काचेवर चिकटवली आहे. म्हाताऱ्या माणसांना मी ते पढवून पढवून घरी पाठवतो. त्या गृहस्थाचं काडीइतकंही चुकलं नव्हतं. चुकला असता तर मला त्याच्यावर रागावता तरी आलं असतं.

अनोळखी नंबरांची नावं दाखवणारं एक ॲप असतं. त्यात 'सयाजी ऊसवाहतूक फलटण' असं दिसलं. फोनवर विश्वास बसत नसेल तर माणूस बघून बसेल, असं म्हणून रविवारी अंकिताला घेऊन मी एसटी पकडली. विटा, दहिवडी करत फलटणला पोचायला दुपार झाली. गळीत हंगाम जोरात होता. एका कारखान्याबाहेर ऊस भरलेल्या ट्रॉल्यांची रांग रस्त्यापर्यंत आली होती. दोन-चार जणांना विचारलं, तेव्हा एकानं एका ट्रॅक्टरच्या सावलीत डबा खात बसलेल्या माणसाकडं बोट दाखवलं.

सयाजीराव साठीचे, अंगानं थोराड. मी या वेळी बँकेचं नावही काढलं नाही. मोबाइलमधला आईचा फोटो पुढं धरला, खुर्चीतला, तोंड एका बाजूला ओढलेलं. मग सगळं सांगितलं: झटका, डॉक्टरीणबाई, गाणी, सर, नंबर. त्यांनी हातातला घास डब्यात परत ठेवला.

"तो फोन तुमचा हुता व्हय?"

"माझाच."

त्यांनी डब्याला झाकण लावलं. मग म्हणाले, "आवं, त्या नंबरवर पहिल्यापासनं कुनाकुनाचं फोन यायचं. सर हायेत का, परबंध वाचला का. आन् त्यात तुमचा आला. भाचीचं असंच झालं हुतं, खातं साफ केलं भाड्यांनी. मी लय भ्यालो. तवाच दुकानात गेलो आन् म्हनलं, ह्यो नंबरच नगो मला. बंद करून टाक. दुसरा घेतला."

अंकिता तिथंच मातीत बसली.

सयाजीराव ट्रॅक्टर रांगेत सोडून आमच्याबरोबर गावात आले. ज्या दुकानातून नंबर घेतला होता तिथली बाई चांगली होती. तिनं संगणकावर बघितलं, कंपनीला फोन केला, बराच वेळ कानाला लावून उभी राहिली. शेवटी म्हणाली, "नंबर यांनी लिहून देऊन बंद केलाय. आता तो कंपनीकडं परत गेला. काही महिन्यांनी दुसऱ्या कुणाला तरी मिळेल. कुणाला ते आम्हालाही कळत नाही."

"काही महिन्यांनी?" मी विचारलं.

"हो. त्याआधी नाही होत, दादा."

महिनाअखेर जवळ आली होती.

सयाजीरावांनी आम्हाला सोडलं नाही. स्टँडवर चहा पाजला, एसटी लागेपर्यंत थांबले. "गानी कसली हुती?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, माझ्या आजोबांची, जलशातली. त्यांनी मान हलवली.

"तुमी बँक म्हनला," ते म्हणाले. "आईचं गानं पायजे म्हनला असता तर दिला असता की मी."

परतीच्या गाडीत मी खिडकीकडं तोंड करून बसलो. रडलो, हे लिहायला मला लाज वाटत नाही. अंकिता शेजारी होती, तिनं बघितलं नाही असं दाखवलं.

महिना संपला. अंकितानं शेवटच्या दिवसापर्यंत पासवर्ड टाकून बघितला. रोज ते पान विचारायचं, ओटीपी घाला. मग एके दिवशी त्यानं ते विचारायचंही सोडलं. असं खातं अस्तित्वात नाही, एवढंच आलं.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी ती घरी आली. हातात छापलेल्या कागदांचा गठ्ठा. "माझ्याकडं एवढंच आहे," म्हणाली. तो तिच्या शोधनिबंधातला तक्ता होता. आईच्या सगळ्या गाण्यांतले सगळे शब्द, जो जास्त वेळा आला तो वर, जो एकदाच आला तो तळाला.

मी तिच्यावर चिडलो. नको होतं चिडायला, पण चिडलो. "तू तीन वर्षं हीच गाणी ऐकत होतीस. त्यातलं एक तुला येऊ नये?"

"दादा, मी उतरवायला ऐकत होते," ती हळू आवाजात म्हणाली. "दोन शब्द ऐकायचे, थांबवायचं, टाइप करायचं. पुन्हा दोन शब्द. सलग असं एकही गाणं मी कधी ऐकलं नाही."

सलग ऐकायला मला तर चाळीस वर्षं मिळाली होती.

आई खुर्चीत बसून आमच्याकडं बघत होती. नाश्ता झाला होता. काहीतरी करायचं म्हणून मी कागद घेऊन तिच्यासमोर बसलो आणि वरून वाचायला लागलो. "भीम. माय. दिवा. पाणी."

तिचा डावा हात वर आला.

मी थांबलो. तिनं ओठ जुळवले, सोडले, पुन्हा जुळवले. गळ्याची शीर ताणली. आणि त्या वाकड्या तोंडातून, सुरात, अगदी स्वच्छ आलं, "पाणी."

स्वयंपाकघरातून अपेक्षा धावत आली. अंकितानं तोंडावर हात दाबून धरला. दोन महिन्यांत आईच्या तोंडून आलेला हा पहिला शब्द. शब्द कसला, गाण्याचा तुकडाच होता तो. चाल मी ओळखली. लहानपणी हजार वेळा कानावरून गेलेली.

आई माझ्याकडं बघत होती. आता मी पुढचं म्हणायचं होतं, म्हणजे ते धरून ती आणखी पुढं आली असती. मी तक्त्यात बघितलं. पाणीच्या खाली होतं 'गाव'.

"गाव," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. नाही.

"बाळ?"

नाही.

"दादा, ओंजळ बघा," अंकिता माझ्या खांद्यावरून म्हणाली. "नाहीतर तळं. घोट. तहान." ती पानं उलटत होती, मी वाचत होतो, आई प्रत्येकाला नाही म्हणत होती. मग तिनं पुन्हा म्हटलं, "पाणी," आणि डाव्या हातानं मांडीवर ताल धरला, आम्हाला सोपं जावं म्हणून. मी चाल गुणगुणली. पुढच्या शब्दाच्या जागेवर आलो की गप्प व्हायचो, आणि ती माझ्या तोंडाकडं बघत राहायची.

तिच्या गाण्यांतले सगळे शब्द माझ्या हातात होते. पाणीनंतरचा कुठला, ते तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.